दात काढण्याआधीची कवळी

८ जून

शाळा सुटल्यापासून मी पानभर असं काही लिहिलेलं नाही. आज लिहितोय, कारण सांगायला घरात एकच माणूस आहे आणि नेमकं तिलाच हे सांगायचं नाही.

सकाळी कवळीच्या साच्यासाठी प्लास्टर कालवताना छातीत आवळल्यासारखं झालं. मी भिंत धरून खाली बसलो. हिने हातातलं तिथेच टाकलं, मला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथे छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं. छातीचे डॉक्टर म्हणाले, "एक रक्तवाहिनी थोडी अरुंद झालीये. गोळ्या घ्या, रोज चाला. घाबरण्यासारखं काही नाही. वयानुसार होतं एवढं." त्यानंतर ते बरंच बोलले. माझ्या कानात 'वयानुसार' तेवढंच राहिलं.

बाहेर परिचारिका हिला म्हणाली, "तुमच्या वडिलांच्या गोळ्या त्या खिडकीवर मिळतील."

ही म्हणाली, "नवरा आहे. वडिलांसारखा वागतो, ती गोष्ट वेगळी."

परिचारिका ओशाळली. आम्ही दोघं हसलो. येताना गाडीत ही माझा हात धरून बसली होती आणि मी गणित मांडत होतो. मला एकोणपन्नासावं सरत आलंय, हिला तिसावं लागलंय. मी जाईन तेव्हा हिच्यापुढे अर्धं आयुष्य पडलेलं असेल. आमच्या गावच्या शाळेतल्या पोरालाही सुटेल असं गणित. लग्नाला तीन वर्षं झाली, मी ते मांडलंच नव्हतं.

संध्याकाळी देवापुढे बसलो. म्हटलं, माझ्यामागे हिचं काही अडू देऊ नकोस. मग वाटलं, सगळं त्याच्यावर टाकून मोकळं होणं बरं नव्हे. आपल्या हातात आहे तेवढं आपण करावं.

११ जून

हिने काम करू दिलं नाही. पडल्या पडल्या मागचं आठवत होतो.

मी कवळ्या करतो. दातांच्या डॉक्टरीणबाई रोग्याच्या तोंडाचं माप घेतात. त्या मापावरून मी प्लास्टरचा साचा काढतो, गुलाबी मेणात दात बसवतो, आणि मग पक्की कवळी करून देतो. ही त्यांच्या दवाखान्यात रोग्यांना वेळा द्यायचं काम करायची. मापं ओल्या फडक्यात गुंडाळून तीच आणायची. द्यायची, आणि जायची मात्र नाही. स्टुलावर बसून माझे हात बघायची.

एकदा म्हणाली, "तुम्ही लग्न का नाही केलंत?"

"आई अंथरुणावर होती. तिचं सगळं मीच करायचो."

"आता तर त्या नाहीत."

"आता वय नाही."

"कोणाचं?"

माझ्या हातातली मेणाची सुरी तशीच राहिली. म्हटलं, "अगं, मी तुझ्या आईच्या बरोबरीचा."

"मग आईलाच विचारते," म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी माप घेऊन आली तेव्हा म्हणाली, "विचारलं. आई म्हणते, मला नको, तुलाच ठेव."

तिची आई खरं तर माझ्यापेक्षा वर्षाने लहान. मला त्यांना आई म्हणवत नाही, त्यांना मला नावाने हाक मारवत नाही. दोघंही 'ऐकलं का' वर भागवतो. खालचा सायकलवाला अजून गिऱ्हाइकांना सांगतो, "वरच्या कवळीवाल्याने कोवळी गाठली." पहिल्या वर्षी मला राग यायचा. आता येत नाही. तो म्हणतो ते खोटं कुठे आहे?

२० जून

शिकवायला सुरुवात केली. फ्यूज कसा बदलायचा, पाण्याची टाकी भरून वाहायला लागली तर कुठला नळ फिरवायचा, बँकेत कोणाला भेटायचं, घराचे कागद कपाटात कुठे आहेत. ही पटकन शिकते. फ्यूज तर पहिल्याच खेपेला बसवला.

स्टुलावरून उतरताना म्हणाली, "एवढं सगळं मीच करणार, तर तुम्ही काय करणार?"

"मी बघणार."

"कुठून?" आणि वर छताकडे बोट केलं.

मी हसलो नाही. तीही मग हसली नाही. हात पुसले आणि म्हणाली, "चला, फिरायला जाऊ. डॉक्टरांनी दोघांनी चालायला सांगितलंय." सांगितलं होतं मला एकट्याला. पण मला बँकेतल्या सह्यांचं बघायचं होतं, म्हणून म्हटलं, तू जाऊन ये. एकटीने चालायची सवय असलेली बरी.

३ जुलै

आता धंदाही शिकवतोय. हाताला वळण आहे तिच्या. दात मेणात उभे करताना मी पहिली दोन वर्षं चुकत होतो, तशी ती चुकत नाही.

आज एक अवघड काम आलं. शाळेतल्या एक बाई आहेत, पुढचे सगळे दात हलतात. काढावे लागणार. पण बोळक्या तोंडाने वर्गात उभं राहायला त्या तयार नाहीत, एक दिवससुद्धा नाही. अशा वेळी दात काढण्याआधीच कवळी करावी लागते. तोंडात दात आहेत तोवर माप घ्यायचं, साच्यावरचे दात आपण करवतीने कापायचे, दात गेल्यावर हिरडी कशी दिसेल त्याचा अंदाज बांधून साचा घासायचा, आणि त्या न झालेल्या हिरडीवर कवळी करायची. इकडे दात निघाला की तिकडे कवळी बसली. माणूस एक क्षणही बोळका होत नाही. या कामात माझा हात धरणारा इथे दुसरा नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. असं लिहिणं बरं दिसत नाही, पण म्हणतात.

मी कापत होतो आणि ही बघत होती.

"अहो, ते अजून त्यांच्या तोंडात आहेत ना?"

"आहेत. पण जाणारच आहेत."

"तरी पण. त्या आज त्यांनीच जेवत असतील."

मी म्हटलं, या कामात आजचं बघून चालत नाही. तिने टेबलावर पडलेले प्लास्टरचे दात गोळा केले, मुठीत धरून बसली. मग कचऱ्यात टाकले.

१४ जुलै

सायकलवाला कुठेतरी गेला होता, त्याची तान्ही नात दुपारभर आमच्याकडे होती. ही तिला मांडीवर घेऊन कामाच्या खोलीत आली. पोरीने मेणाचा गोळा धरला तो सोडेना.

ही म्हणाली, "बघा, कारागिराचा हात आहे."

मग थोड्या वेळाने, पोरीकडेच बघत, "आपल्याकडे असं कोणी आलं तर?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी शांतपणे समजावलं. म्हटलं, ते शाळेत जाईल तेव्हा मी म्हातारा दिसेन, त्याचं लग्न व्हायच्या वेळी मी असेन नसेन, तुला एकटीला त्याचं सगळं करावं लागेल. आपल्या हौसेपायी त्याला पोरकं करायचं का?

ती म्हणाली, "बरं."

एवढ्यावर मिटलं. मला वाटलं होतं रडेल, वाद घालेल. पण शहाणी आहे, लगेच समजली. संध्याकाळी घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली, तेव्हा मी म्हटलं, स्वच्छ आहेत की. म्हणाली, "माहितीये."

२६ जुलै

शाळेतल्या बाईंचे दात वाचले. डॉक्टरीणबाईंनी हिरड्यांवर वेगळे उपचार करून बघितले, दातांना आतून बारीक तार बांधली. दात घट्ट झाले. काढायची गरज नाही. माझी कवळी तयार होऊन डबीत पडली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमची मेहनत वाया गेली. पण झालं ते चांगलंच झालं की." मीही म्हटलं चांगलं झालं. पुढे म्हणाल्या, "तो पहिला साचा देता का? आधी दात कसे होते ते मला ताडून बघायचंय." साच्यावरचे दात मी कापले होते. दुसरा साचा मी काढून ठेवला नव्हता.

घरी हिला सांगितलं. आधी हसली, अगदी खळखळून. मग थांबली आणि म्हणाली, "तुम्ही फार घाई करता हो."

"मला काय माहीत वाचतील म्हणून."

"तेच म्हणतेय मी," म्हणाली.

काय म्हणत होती ते मला नीट कळलं नाही. आताशा थोडं कोड्यात बोलते.

५ ऑगस्ट

ठरवलं. मेणातली कवळी आपण रोग्याच्या तोंडात आधी लावून बघतो. कुठे टोचतं, कुठे हलतं ते तेव्हाच कळतं. पक्की झाल्यावर कळून उपयोग नसतो. हिला सगळं शिकवलं, पण मी घरात असताना शिकवलं. मी नसताना जमतं का, ते बघायला हवं. ताईकडे गावी जाऊन राहतो. फोन इथेच ठेवून जातो, नाहीतर बारीकसारीक विचारत राहील.

हिला सांगितलं. पिशवीत माझे कपडे घालत होती, ती थांबली.

"किती दिवस?"

"बघू."

"म्हणजे परीक्षा आहे."

"परीक्षा कसली? सवय."

"नापास झाले तर?"

"होणार नाहीस."

"झाले तर तुम्ही येणार का, तेवढं सांगा."

मी म्हटलं, पोरकटपणा करू नको. तिने पिशवीचा बंद ओढला आणि गाठ मारली. फार घट्ट मारली होती. ताईकडे गेल्यावर सुरीनेच कापावी लागेल.

१६ ऑगस्ट, ताईकडे

शाळेवरून फिरून आलो. आमच्या वेळचा वर्ग तसाच आहे, फळा मात्र नवा. इथे मन लागत नाही. सकाळी उठल्यावर हात आपोआप तिच्या बाजूला जातो. पण त्रास होतोय म्हणजे योग्य तेच करतोय, असं मनाला सांगतो. सोपं असतं तर तिच्या काय कामाचं?

ताईला पटलेलं नाही. आज चहा देताना म्हणाली, "अरे, तू काय मेलायस का?"

"म्हणजे?"

"जिवंतपणी बायकोला एकटं राहायला लावतोस ते. आमचे हे असे गेले असते ना, मी कुलूप बदललं असतं."

संध्याकाळी ताईच्या फोनवर हिचा फोन आला. ताईने फोन माझ्याकडे धरला. मी हातानेच खूण केली, शेताकडे गेलाय म्हणून सांग. ताईने माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी मी पाटी फोडून आलो की बघायची. पण सांगितलं. पलीकडून ही म्हणाली, "बरं. काही नाही, सहज केला होता." मला ऐकू येत होतं इतक्या जवळ मी उभा होतो.

३० ऑगस्ट

घरी आलो. सगळं लख्ख. कामं वेळेवर पोचलेली. एका म्हाताऱ्याची वरची खालची पूर्ण कवळी हिने एकटीने केली, तो डॉक्टरीणबाईंच्या आरशापुढून उठेना म्हणे. इतकं समाधान मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

हिच्या मनगटावर पट्टी होती. कवळी पक्की करायचा पितळी साचा उकळत्या पाण्यातून काढताना हात भाजला. मी विचारलं कधी, तर म्हणाली, "झाले बरेच दिवस. त्या दिवशी ताईंकडे फोन केला होता बघा, तेव्हा."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही शेताकडे गेला होतात." मग हसली. "पास झाले ना?"

मी म्हटलं, पहिल्या नंबराने. पट्टी बदलून द्यायला गेलो तर म्हणाली, राहू दे, मला एका हाताने बांधायची सवय झालीये. आणि खरंच, दातात टोक धरून सफाईने बांधली.

आता मी निर्धास्त आहे.

१८ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी हिच्यासाठी एक वाट काढली आहे. मोठ्या शहरात त्यांच्या ओळखीचा मोठा कारखाना आहे, दातांचाच. तिथे दोन वर्षं शिकवतात, राहायला खोली देतात, मग तिथेच नोकरी. यंत्रावर दात करतात तिथे, हातात मेण धरावं लागत नाही.

ही भाजी चिरत सांगत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही काय म्हणता?"

"सोन्यासारखी संधी आहे."

"हो. पण तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? तुझ्या पुढच्या आयुष्याचं बघ. माझा विचार करू नको."

"मग कोणाचा करू?"

थट्टा करते झालं. मी हसलो. ती विळी तशीच ठेवून गच्चीवर गेली. चिरलेली भाजी काळी पडायला लागली, म्हणून मीच फोडणीला टाकली.

जेवताना पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मन जड झालं होतं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. देवाची कृपा की तेवढं बळ दिलं.

२ ऑक्टोबर

आज ही गेली. मी सगळी तयारी करून दिली होती. कुलूप, विजेरी, तापावरच्या गोळ्या, सुईदोरा, दोन ठिकाणी पत्ता लिहिलेला कागद. बस सुटायला वेळ होता. ती खिडकीत बसली होती, मी खाली उभा.

"खोलीत आधी नळ बघून घे."

"हो."

"शेजारी कोण आहेत त्यांचा फोन घेऊन ठेव."

"हो. अजून काही?"

"नाही. सांभाळून राहा."

"अजून काही नाही?"

मी आठवून बघितलं. सगळं सांगून झालं होतं. म्हटलं, नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. चालकाने हॉर्न दिला. मी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. तिचा पाय मागे ओढला गेला असता.

९ नोव्हेंबर

चहाला दोन कप पाणी ठेवतो. रोज ठरवतो एकच ठेवायचं.

छातीचं ठीक आहे.

१२ जानेवारी

चार दिवस येऊन गेली. हातवारे करत बोलते आता. पडद्यावर दात कसा फिरवून बघायचा ते सांगत होती, मला निम्मं कळलं नाही. फोन आला की उठून खिडकीशी जाते आणि मोठ्याने हसते. खोलीतल्या मैत्रिणी आहेत म्हणे. असं हसणं या घरात कधी होतं ते मी आठवत होतो.

जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "तिकडेच या ना. मोठी खोली बघू. तुमच्या हाताचं काम तिथे कोणाला येत नाही, सर विचारत होते."

मला इतका आनंद झाला की भीती वाटली. मग डोळ्यांपुढे तिच्या त्या मैत्रिणी आल्या. दार उघडतील आणि म्हणतील, अगं, तुझे बाबा आलेत. सारखी सगळ्यांना सांगत बसेल, नवरा आहे म्हणून.

म्हटलं, "या वयात नवीन जागी नको. आणि तुलाच ओझं."

"ओझं मी म्हटलं का?"

"तू म्हणणार नाहीस."

"नाही म्हणणार. आता यापुढे काहीच म्हणणार नाही." आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

असं करून तिचा अवघडलेपणा मी वाचवला. देवापुढे बसलो तेव्हा मात्र त्याच्याकडे बघवेना. का ते कळलं नाही.

२१ एप्रिल

रविवारी फोन यायचा. आता कधी येतो, कधी नाही. मी करत नाही, तिच्या कामात असेल.

१७ मे

आज फोनवर म्हणाली, "मला वेगळं व्हायचंय."

आवाज शांत होता. मी म्हटलं, बरं. मग वाटलं, ती अवघडली असेल, आपणच सोपं करून द्यावं. म्हणून म्हटलं, "तुझ्या वयाचं कोणी भेटलं असेल तर संकोच करू नको. मला आनंदच होईल."

मला वाटलं फोन बंद पडला.

मग ती म्हणाली, "कोणी नाहीये हो. कोणीच नाहीये. तुम्ही पण नव्हतात." आणि ठेवला.

मी होतो की. सगळा वेळ तर होतो.

४ जून

हिच्या आई आल्या होत्या. मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत, कामाच्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"ऐकलं का, मी भांडायला आलेले नाही."

"भांडा की. हक्क आहे तुमचा."

"कशावरून भांडू? तुम्ही दारू पीत नाही, हात उचलत नाही, आवाजसुद्धा चढवत नाही. लोक विचारतात, काय झालं? काय सांगू, नवरा फार चांगला निघाला म्हणून सोडला?"

मी म्हटलं, "मी तिच्या भल्याचंच बघितलं. मी गेल्यावर तिचं अडू नये—"

"कुठे निघालात तुम्ही?" त्या म्हणाल्या. "आमचे हे माझ्याच वयाचे होते. जोड अगदी बरोबरीची, सगळे म्हणायचे. एका सकाळी चपला घालून गेले ते आलेच नाहीत, वाटेतच वारले. मला तेव्हा फ्यूज बदलता येत नव्हता. बँक कुठल्या रस्त्याला आहे ते माहीत नव्हतं. शिकले. रडत रडत शिकले, त्याला काय लागतं? पण होते तेव्हा होते हो ते. घरात यायचे तर सगळेच्या सगळे यायचे."

मी टेबलावरचं मेण बाजूला सारलं.

"लग्नाआधी मी तिला म्हटलं होतं, बाई, हा माणूस लवकर म्हातारा होईल. तर म्हणाली, होऊ दे, मी बघेन. तुम्ही तर तिला बघायलाच दिलं नाहीत. आधीच उठून दारात जाऊन बसलात." डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "चहा तरी टाका. बरोबरीच्या माणसाला एवढं चालतं."

आम्ही चहा घेतला. त्यांचं सगळंच मला पटलं नाही. घर सोडून ती गेली, मी नाही. पण ती बस सुटताना 'अजून काही नाही?' म्हणाली होती, ते तेव्हापासून कानात फिरतंय. मला वाटलं होतं ती सामानाचं विचारतेय.

१५ जून

ती उद्या सामान न्यायला येणार आहे. दिवसभर बांधाबांध केली. कपडे, पुस्तकं, शिवणयंत्र. तिला शोधाशोध नको. काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली, खोक्यांवर नावं घातली.

१६ जून

सकाळी आली. दारातच उभी राहिली. खोकी भिंतीशी एकावर एक लावलेली होती, दोऱ्या आवळलेल्या.

"सगळं तयारच ठेवलंत," म्हणाली.

"तुला त्रास नको म्हणून."

तिने एका खोक्यावरचं नाव वाचलं, दुसऱ्यावरचं वाचलं, आणि हसायला लागली. हसता हसता तिला रडू फुटलं. मी पाणी आणलं. तिने घेतलं नाही. ओंजळीत तोंड घालून माझ्या स्टुलावर बसली, पूर्वी बसायची तिथेच.

मी पाण्याचा पेला धरून उभा होतो. काहीतरी समजुतीचं बोलावं म्हणून तोंड उघडलं, आणि म्हणालो, "राहा."

"काय?"

"राहा, म्हटलं. जाऊ नको. मला तू लागतेस." पेला खाली ठेवला. "तुझ्या भल्याचं काय ते मला माहीत नाही. मला तू लागतेस."

तिने ओंजळीतून तोंड वर काढलं. खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता, तो आवाज तेवढा येत होता.

"हे तुम्ही बसपाशी म्हणाला असतात ना," ती म्हणाली, "तर मी खिडकीतून उडी टाकली असती."

"आणि आता?"

"आता मला तिथे आवडायला लागलंय हो. सकाळी उठते, माझी किल्ली फिरवते, कामाला जाते. आधी नाही आवडायचं. आधी रोज वाटायचं, आज फोन येईल, म्हणतील परत ये. मग एक दिवस वाटेनासं झालं. त्या दिवशी मी फार घाबरले होते."

"रागावली आहेस."

"नाही. राग असता तर भांडायला तरी राहिले असते."

मग ती पाणी प्यायली. गाडीवाला आला, खोकी उतरवायला लागला. शिवणयंत्र जिन्यात अडकलं, तेव्हा आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून ते वळवलं. तिचं मनगट माझ्या हातापाशी होतं. भाजल्याचा डाग अजून आहे. मी त्याच्यावर अंगठा ठेवला. तिने ठेवू दिला. मग यंत्र वळलं आणि आम्हाला पुढे उतरावं लागलं.

शेवटचं खोकं गेल्यावर ती चप्पल घालायला परत वर आली. घरभर एकदा नजर फिरवली. पट्टा लावला, उभी राहिली आणि म्हणाली, "येते."

सवयीने म्हणाली असेल. घरातून निघताना माणूस असंच म्हणतो.

मीही "ये" म्हणालो. मी सवयीने म्हणालो नाही.